चढावर मान टाकणारी गाडी

म्हाताऱ्याला गावात सगळे कानसेन म्हणत. आयुष्यभर त्याने गॅरेज चालवलं आणि बॉनेट उघडायच्या आधीच, नुसत्या आवाजावरून तो गाडीचं दुखणं सांगायचा. कोपऱ्यावरून गाडी वळायच्या आत हा हात पुसत पुसत म्हणायचा, प्लग गेलाय, नाहीतर टायमिंग हललंय, आणि दहातल्या नऊ वेळा ते बरोबर निघायचं. दहाव्या वेळी तो गाडीवाल्यालाच दोष द्यायचा.

आता गॅरेज बंद होऊन बरीच वर्षं झाली होती. मागे राहिली होती त्याची स्वतःची जुनी कार्ब्युरेटरवाली गाडी, आणि कान. त्यातले कान कधीपासून उतरायला लागले होते, हे त्याने कुणाला कळू दिलं नव्हतं. बायकोने तेवढं ओळखलं होतं; ती होती तोवर समोर उभी राहून, हातवारे करून सांगायची आणि वर चिडवायचीही. ती गेल्यावर ओळखणारं कुणी उरलं नाही. मुलगा मालवाहू बोटीवर नोकरीला, महिनोन्‌महिने समुद्रात. घरात सून. ती मुळातच हळू बोलणारी. म्हातारा तिच्या तोंडाकडे बघून अंदाजाने मान डोलवायचा, आणि घरातल्या साध्यासुध्या गोष्टींत अंदाज चुकला तरी कुणाचं काही बिघडत नव्हतं.

मग सुनेचं बाळंतपण फार लवकर झालं. बाळ एवढंसं, मुठीत मावेल असं. डोंगरापलीकडच्या शहरात मोठ्या इस्पितळात त्याला काचेच्या पेटीत ठेवलं. सुनेचं पोट फाडून बाळ काढलं होतं. टाके सुकायच्या आतच तिला घरी सोडलं, कारण आयांना राहायला तिथे जागा नव्हती. तेव्हापासून कानसेनचा नेम ठरून गेला. रोज सकाळी सुनेने घरी काढलेलं दूध बर्फाच्या डब्यात ठेवायचं, तिला मागच्या सीटवर उशा लावून बसवायचं आणि घाट ओलांडून शहर गाठायचं. नळीतून ते दूध बाळाच्या पोटात जायचं, थेंबाथेंबाने.

आणि नेमकी तेव्हाच गाडीने मान टाकायला सुरुवात केली. सपाटीवर बरी चालायची, उभी असताना तर एका लयीत फिरायची. चढ लागला की मात्र जीव जायचा. पाय दाबावा तसा वेग वाढण्याऐवजी कमी व्हायचा, इंजिन तापायचं, आणि पहिल्या गियरमध्ये म्हातारी बाई जिना चढते तशी ती वर सरकायची. रोज थोडी जास्तच दमायची.

कानसेनने घरामागच्या शेडमध्ये तिला उघडून ठेवली. प्लग काढून घासले, पॉइंट बदलले, टायमिंग पुन्हा लावलं. कार्ब्युरेटर खोलून त्याचे जेट फुंकून साफ केले. फ्लोटची पातळी तपासली. पेट्रोल ओढणाऱ्या पंपाचा पडदा बदलला, हवेची जाळी नवी टाकली. एकेक गोष्ट करायची, दुसऱ्या दिवशी घाटात जायचं आणि पुन्हा तेच. हात काम करत होते, पण पूर्वी कानांनी जे आधी कळायचं ते आता हातांना चाचपडत शोधावं लागत होतं. एकदा परत येताना सून मागून काहीतरी म्हणाली होती. त्याने आरशात तिचे ओठ हललेले पाहिले आणि म्हणाला, हो हो, होईल ठीक. तिने विषय सोडला.

त्या सकाळी फोन आला तो सुनेनेच घेतला. म्हाताऱ्याने तिचा चेहरा बघितला आणि फोन कुठला ते त्याला न सांगता कळलं. नर्स सांगत होती की आदल्या दिवशीचं दूध संपलं, रात्री पावडरचं द्यावं लागलं आणि ते बाळाला सोसलेलं नाही. पोट फुगलंय. आईचं दूध घेऊन या, आणि आईलाही आणा, जितक्या लवकर जमेल तितक्या लवकर. सुनेने हे सगळं पाटीवर लिहून दाखवावं इतक्या सावकाश सांगितलं, कारण तिच्या स्वतःच्याच डोक्यात ते शिरत नव्हतं.

बस निघून गेली होती. गावातला एकुलता एक टॅक्सीवाला पहाटेच भाडं घेऊन गेला होता. डोंगराला वळसा घालणारा नवा रस्ता होता, सपाट आणि रुंद, पण त्याने गेलं तर दुपार व्हायची. म्हाताऱ्याने आदल्या संध्याकाळी कार्ब्युरेटर पुन्हा एकदा जोडला होता आणि गावाबाहेर फेरी मारून आला होता. गाडी झकास पळाली होती. घाटानेच जाऊ, तो म्हणाला, आता चढेल ती. सुनेने एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि डबा मांडीवर घेऊन आत बसली.

अर्धा घाट गाडी चढली. नंतर तिसऱ्या गियरची दुसऱ्यावर आली, दुसऱ्याची पहिल्यावर. म्हाताऱ्याने पाय तळापर्यंत दाबला. काही फरक पडला नाही. उलट आणखी मंदावली, दोन हिसके दिले आणि एका वळणावर थांबली. हँडब्रेक ओढून तो नुसताच स्टिअरिंग धरून बसला. नवा रस्ता झाल्यापासून घाटाकडे कुणी फिरकत नव्हतं. वर आभाळ, खाली दरी, आणि फोनला रेंज नाही.

तो उतरला, बॉनेट उघडलं, आणि पहिल्यांदाच त्याला कळेना की हात कुठे घालावा. जे जे करता येण्यासारखं होतं ते त्याने केलं होतं. सून खाली उतरून त्याच्या बाजूला येऊन उभी राहिली. ती काहीतरी बोलली. त्याने मान डोलवली. ती पुन्हा बोलली आणि या वेळी तिने त्याच्या बाहीला धरून त्याला आपल्याकडे वळवलं.

"बाबा, तो आवाज आजही येत होता. मी तुम्हाला गेल्या आठवड्यातच सांगितलं होतं. तुम्ही हो म्हणालात."

इतक्या जवळून तिचे ओठ त्याला नीट वाचता आले. घाट, दरी, ती काचेची पेटी, सगळं एकदम त्याच्या अंगावर आलं.

"मला ऐकू येत नाही, पोरी," तो म्हणाला. "बरेच दिवस झाले. तू काय म्हणालीस ते मला कळलंच नव्हतं."

तिचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला. ती ओरडेल असं त्याला वाटलं, आणि ओरडली असती तर बरं झालं असतं असंही वाटलं. पण तिने डबा सावलीत दगडाला टेकून ठेवला आणि त्याच्या कानाजवळ तोंड आणून मोठ्याने म्हणाली, "मग मी ऐकते. तुम्ही विचारा."

म्हाताऱ्याने गाडी पुन्हा सुरू केली आणि तिला विचारत गेला. आवाज पुढून येतो की खालून? खालून, ती म्हणाली, मी बसते तिथे पायाखालून. कसा आवाज? केटलीचं झाकण दाबून धरलं की वाफ कुठूनतरी वाट काढते ना, तसा. पाय दाबला की वाढतो? वाढतो, आणि तो वाढला की गाडी आणखी मरते.

म्हाताऱ्याने बॉनेट खाली टाकलं. इतके दिवस तो गाडीच्या तोंडाशीच बसला होता. पेट्रोल नीट येतंय का, हवा नीट येतेय का, ठिणगी नीट पडतेय का. आत जाणाऱ्या प्रत्येक गोष्टीची त्याने चौकशी केली होती. धूर बाहेर कसा जातो, हे बघायचं मात्र त्याच्या मनातही आलं नव्हतं. पूर्वी त्याची गरजच पडली नसती; कानानेच सांगितलं असतं.

त्याने सुनेला स्टिअरिंगमागे बसवलं आणि इशारा करीन तेव्हा पाय दाब म्हणाला. स्वतः मागे जाऊन धुराच्या नळीपुढे तळहात धरला. ती दाबत गेली, गाडी थरथरली, पण हाताला लागली ती नुसती आजाऱ्याची फुंकर. धड चालणाऱ्या गाडीने हात बाजूला ढकलून दिला असता. मग त्याने गाडी बंद करायला लावली आणि जॅकच्या दांड्याने सायलेन्सरवर ठोकलं. आत काहीतरी खुळखुळलं, असं सुनेने ओरडून सांगितलं. आतली नळी गंजून कोसळली होती आणि तिनेच वाट बुजवली होती. इंजिनाला श्वास सोडता येत नव्हता, मग घेणार कुठून?

दुखणं सापडलं. सायलेन्सर उतरवला की धूर मोकळा सुटणार होता. पण म्हातारा गाडीखाली गेला तेव्हा त्याला दिसलं की सायलेन्सर पुढच्या नळीला दोन बोल्टांनी आवळला आहे, आणि दोन्ही गंजून एकजीव झाले आहेत. लोखंड तापून लाल व्हायचंच बाकी होतं. पिण्याचं पाणी त्यावर ओतलं तर ते चरचरत उडून गेलं. पहिला बोल्ट पाना घालून, पायाने रेटून कसाबसा सुटला. त्यात त्याच्या मनगटाची कातडी भाजून निघाली. दुसऱ्याचं डोकं पान्यात गोल गोल फिरायला लागलं. कोपरे झिजून गेले, धरायला काही उरलं नाही.

त्याने जॅकचा दांडा सांध्यात घुसवला आणि जोर लावला. काही हललं नाही. पुन्हा लावला. डोळ्यांत गंजाचा भुगा पडत होता, हात दांड्यावरून घसरत होते. एके काळी याच हातांनी त्याने इंजिनं उचलली होती. उताणा पडल्या पडल्या त्याला वाटलं, आता उठूच नये. बाळाला इस्पितळात काय होत असेल ते आता होऊन जाईल आणि आपण इथे, या गाडीखाली, कान नसलेले आणि हात नसलेले. त्याच्या तोंडून एक आवाज निघाला. तो रडण्याचा होता हे त्याला स्वतःलाच कळलं नाही.

सुनेला कळलं. ती रस्त्यावर आडवी झाली, पोटावरचा एक हात न काढता, आणि सरपटत गाडीखाली आली. तो नको नको म्हणत होता. तिच्या टाक्यांची त्याला धास्ती होती. तिने ऐकलं नाही. दांड्याच्या टोकाला तिने पाय लावला, त्याने दोन्ही हातांनी धरलं, आणि दोघांनी मिळून रेटलं. बोल्ट नाही तुटला. गंजलेली नळीच सांध्याशी टरकन फाटली, आणि सायलेन्सर एका बाजूने धाडकन खाली लोंबला. लोंबतं टोक त्याने तारेने वर बांधून टाकलं.

गाडी सुरू झाली ती तोफ उडाल्यासारखी. तो आवाज कानसेनलाही ऐकू आला. छातीतून, सीटमधून, स्टिअरिंगमधून आला. धूर आत शिरत होता म्हणून सगळ्या काचा खाली केल्या. पाय दाबताच गाडीने उसळी मारली आणि ज्या चढावर ती मेली होती तो दुसऱ्या गियरमध्ये मागे टाकला. सून मागे डबा छातीशी धरून, डोळे मिटून बसली होती. तिच्या ओठांतून काही निघत होतं की नाही, ते या वेळी आरशात बघायला त्याला सवड नव्हती.

शहरात लोक कानांवर हात ठेवून बाजूला झाले. इस्पितळाच्या फाटकावर रखवालदाराने गाडी अडवली, पण सून डबा घेऊन केव्हाच आत पळाली होती, टाके असलेली बाई पळू शकते तितकी. म्हातारा मागोमाग गेला तर त्याच्या काळ्या हातांमुळे त्याला बाहेरच बसवलं.

मधल्या काचेतून त्याला दिसत होतं. डॉक्टरीणबाई सुनेशी बोलत होत्या. त्यांचे ओठ हलत होते, सुनेची मान खाली जात होती. बऱ्याच वेळाने सून बाहेर आली आणि तिने कानाशी येऊन सांगितलं. लगेच दूध देणार नाहीत. पोट आधी बसू द्यायचं, तोवर फक्त सलाईन. संध्याकाळी थोडंसं देऊन बघतील. टिकलं तर ठीक.

दुपार कशी गेली ते दोघांनाही सांगता आलं नसतं. सून पेटीशी बसली होती, गोल भोकातून आत हात घालून. म्हाताऱ्याने नळावर हात घासले, साबण संपेपर्यंत घासले, आणि नर्सने तपासून पुन्हा धुवायला पाठवलं तेव्हा पुन्हा घासले. भाजलेल्या मनगटाला कुणीतरी पट्टी बांधून दिली. बाहेरच्या बाकावर बसून तो काचेकडे बघत राहिला. आत काय बोलतात ते कळत नसल्याने तो फक्त चेहरे वाचत होता, आणि प्रत्येक चेहऱ्यावर त्याला वाईटच दिसत होतं.

ऊन उतरलं तेव्हा नर्सने बारीक नळीतून दूध सोडलं. मग सगळे थांबले. म्हाताऱ्याने बाक घट्ट धरून ठेवला. पेटीत काही हललं की तो अर्धवट उठायचा.

दिवे लागल्यावर सून बाहेर आली. ती त्याच्या अगदी जवळ बसली आणि इतक्या मोठ्याने बोलली की सगळ्या व्हरांड्यातले लोक वळून बघायला लागले.

"बाबा, दूध टिकलं."

त्याला पहिल्या खेपेलाच नीट ऐकू आलं होतं. तरी त्याने कानामागे हात धरला आणि तिला पुन्हा सांगायला लावलं.