आसनावरचा पेपर

मी न्हावी माणूस, दिवसभर हातापेक्षा तोंडच जास्त चालतं. त्यामुळे जुनी मोटरसायकल विकायला काढलेल्या ओकाबायाशीसाननी फोनवर विचारलं, "मोठी गाडी चालवलीय ना? नवख्याला मी देणार नाही हं. इकडचे रस्ते खडीचे आहेत, कुणाचं काही झालं तर मला झोप लागायची नाही," तेव्हा मी बेधडक सांगून टाकलं, "वीस वर्षं झाली की!"

वीस वर्षं झाली होती ती परवान्याला. त्यानंतर घर ते दुकान स्कूटर, बस्स. पण त्यांची ती चारशे सीसीची गाडी मला हवीच होती. जपानच्या शिकोकू बेटावरच्या, आमच्याच डोंगरांतल्या आडवाटांची वर्णनं गिऱ्हाइकांच्या तोंडून ऐकून ऐकून मी पन्नाशीला आलो होतो. स्वतः एकही पाहिली नव्हती.

ओकाबायाशीसान अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. खुबा साथ देईना म्हणून गाडी विकत होते. मी त्यांच्या घरी पोचलो तसे, "शेडमागून एक चक्कर मारून या," म्हणाले.

शेडमागे वळताना क्लच हातातून सुटला आणि मी गाडीसकट डाव्या अंगावर चिखलात. उठून आधी काय केलं, तर कुणी पाहिलं का ते बघितलं. ओकाबायाशीसान माझ्याकडे पाठ करून युझू लिंबाच्या झाडाला कात्री लावत होते. सुटलो! गाडी कशीबशी उचलली, टाकी बाहीने पुसली आणि शीळ घालत परत आलो. क्लचचा लिव्हर मात्र वाकला होता.

"ते वाकलंय ना, ते माझ्याच हातून मागे झालं," तेच म्हणाले. "सांगायचं राहिलं. माफ करा."

आणि मी, मोठ्या मनाचा माणूस, म्हणालो, "चालायचंच हो! जुन्या गाडीत एवढं असणारच."

आत चहा झाला. त्यांच्या बायकोने, सुमिएसाननी, माझ्या आसनावर आधी पेपर पसरला. काय टापटिपीचं घर, असं मला वाटलं. त्यावर बसून मी वीस वर्षांच्या रपेटी रंगवून सांगितल्या.

"ऐका जरा," सुमिएसान नवऱ्याला म्हणाल्या. "नाहीतर तुम्ही, तीनदा ओढ्यात गेलात."

"दोनदा. तिसऱ्यांदा ओढाच वर आला होता."

ओकाबायाशीसान मध्येच काहीतरी बोलायला तोंड उघडायचे आणि चहाचा घोट घ्यायचे. शेवटी कागदांवर शिक्के उमटले. दोघं फाटकाशी वाकून उभे राहिले आणि मी पहिल्या गियरमध्येच निघालो.

दुसऱ्या वळणावर रस्त्याकडेला गोल आरसा होता. त्यात मी दिसलो. खांद्यापासून घोट्यापर्यंत डावी बाजू चिखलाने माखलेली, कानामागे युझूचं पान.

मग तो पेपर आठवला.

मी इंजिन बंद केलं. धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. मागे जाऊन कबूल करावं की पुढे निघून जावं? पुढे गेलो असतो तर कुणी विचारणार नव्हतं. दहा मिनिटं तसाच बसून राहिलो.

तेवढ्यात वरून पावलं वाजली. ओकाबायाशीसान लंगडत उतरत होते. एक हात खुब्यावर, दुसऱ्या हातात औषधांचा डबा.

"आवाज बंद झाला," त्यांना धाप लागली होती. "पडलात?"

"आत्ता नाही. मघाशी पडलो, शेडमागे. लिव्हर मीच वाकवला. आणि ते वीस वर्षांचं... असली गाडी मी चालवलेलीच नाही."

"ते राहू द्या हो. लागलं नाही ना कुठे?"

मी मान हलवून नाही म्हटलं. ते कठड्यावर बसले.

"मला वाटलं, चहा संपेपर्यंत तुम्हीच सांगाल. मग नाही म्हणायचं ठरवलं, पण घरी आलेल्या माणसाला तोंडावर कसं म्हणू? आवाज थांबला आणि वाटलं, माझ्या भिडेपायी गेला हा माणूस."

मी किल्ली पुढे केली. त्यांनी ती घेतली, आणि उठून, वाकून माझीच माफी मागितली.

चढावर गाडी मी ढकलत नेली, चार पावलं झाली की थांबत. मागून ते येत होते. गडबडीत ते घरातल्या सपाता घालूनच धावले होते, त्या आता चिखलाने भरल्या होत्या. आणि दर थोड्या वेळाने मलाच म्हणत होते, "सावकाश हं, सावकाश."