ग्लासभर बर्फ

"टँकर आला का गो?"

सकाळी डोळे उघडले की रामजींचा हा प्रश्न ठरलेला. संजीवनी लिटरभर पाण्याची बाटली भरून त्यांच्या उशालगतच्या खिडकीत ठेवायची, तोच हा टँकर. दिवसभरात चहा, पेज, आमटी असं जे काही पातळ त्यांच्या पोटात जाईल, तेवढं पाणी बाटलीतून मापून काढायचं आणि परसातल्या कढीपत्त्याला घालायचं. उरेल ते त्यांच्या पिण्याचं. बाटली रिकामी झाली की दिवस संपला. हृदय थकलंय, पाणी अंगात साठतंय, लिटरच्या वर घोटभरही नको, असं महाडच्या डॉक्टरांनी बजावलं होतं. फेब्रुवारीपासून हे चाललं होतं आणि आता २००६ सालचा मे अर्धा सरला होता.

"आला," संजीवनी म्हणाली. "उशिरा आला म्हणून तक्रार करायची नाही."

"तक्रार कुणाकडं करू? सरपंच तूच, तहसीलदार पण तूच."

रामजींचं, म्हणजे तिच्या आबांचं, सगळं आयुष्य पोलादपूरच्या वरच्या अंगाला, डोंगरमाथ्यावरच्या वाडीत गेलेलं. शेळ्या, दोन म्हशी, नाचणी-वरीचं रान. उन्हाळ्यात झरा आटला की हंडे मांडून टँकरची वाट बघायची, हे काही त्यांना नवं नव्हतं. पण तेव्हा तहान अख्ख्या वाडीला लागायची. ही तहान त्यांची एकट्याची होती. चढ झेपेनासा झाला तेव्हा संजीवनीने त्यांना आणि आईला खाली पोलादपुरात, आपल्या दोन खोल्यांत आणलं. ती महाडच्या कॉलेजात ग्रंथपाल होती, रोज एसटीने जायची यायची. मे महिन्याची सुट्टी असल्यामुळे सध्या दिवसभर घरीच होती. भाऊ सुनील मुंबईला, बायकामुलीसकट.

त्या सकाळी तिने आबांच्या नडगीवर अंगठा दाबून पाहिला. खळगा पडला आणि तसाच राहिला. काल एवढा राहिला नव्हता. आबांनी पाय आत ओढून घेतला आणि विचारलं, "आज ग्लास हाय ना?"

"आहे. पाचला."

या ग्लासाची गोष्ट मार्चमधली. पुण्याला ग्रंथपालांचं तीन दिवसांचं प्रशिक्षण होतं. शेवटच्या संध्याकाळी बरोबरीच्या बायका तिला एका कॉफी शॉपमध्ये घेऊन गेल्या. तिथे कॉफी सोडून सगळे भलतंच काहीतरी पीत होते. तिच्यापुढे एक उंच ग्लास आला. काठापर्यंत चुरलेला बर्फ, बर्फाच्या फटींतून उतरत गेलेला कसल्याशा बेरींचा लालजांभळा रस, वर लिंबाची चकती आणि पुदिन्याचं पान. घरी येऊन तिने वर्णन केलं तेव्हा आबा खाटेवर उठूनच बसले.

"म्हंजे ग्लासभर बर्फ आन् बोटभर सरबत? आन् तू एवढी शिकलेली, गप पिऊन आलीस?"

"तासभर पुरलं, आबा."

"पुरणारच. बर्फाचं पाणी व्हायची वाट बघत बसलात समद्या."

त्यावर आई इतकी हसली होती की तिला ठसका लागला.

एप्रिलमध्ये उन्हं तापली. आबा ओल्या फडक्याने ओठ पुसायचे आणि ते फडकं तोंडात धरून बसायचे. पाणी मागायचे नाहीत. बाटलीकडे बघायचे, पण मागायचे नाहीत. तेव्हा एका दुपारी संजीवनीला ते 'तासभर पुरलं' आठवलं. तिने स्टीलचा उंच ग्लास चुरलेल्या बर्फाने काठोकाठ भरला आणि नुसता ओट्यावर ठेवून दिला. सगळं पाणी झाल्यावर कपात ओतून पाहिलं. अर्ध्या कपाहून थोडंसंच जास्त भरलं.

रसाची अडचण नव्हती. शेळ्या वाडीवर श्रीपतकाकांकडे ठेवल्या होत्या. आई दर दोन-तीन दिवसांनी त्यांना बघून यायची आणि येताना करवंदं घेऊन यायची, पानांनी झाकलेली पाटी भरून. ती मिठाच्या पाण्यात टाकून चीक काढायचा, थोड्या साखरेबरोबर शिजवायची, गार झाली की हाताने कुस्करायची आणि जुन्या मलमलच्या फडक्यातून गाळायची. फडकं जांभळं झालं ते झालंच. तो दाट रस बाटलीत भरून ठेवायचा आणि ग्लासाला दोन चमचे घ्यायचा. खरी अडचण बर्फाची होती. लोडशेडिंगमुळे दिवसाचे आठ-आठ तास वीज नसायची. त्यामुळे रात्री दोन ट्रे लावायचे, सकाळी फ्रीज गोधडीने गुंडाळायचा आणि पाच वाजेपर्यंत कुणी त्याच्या दाराला हात लावायचा नाही असा दंडक होता. पाच वाजता एक ट्रे काढून नॅपकिनमध्ये बांधायचा आणि बत्त्याने चुरायचा. दुसरा उद्यासाठी, न जाणो उद्या वीज आलीच नाही तर.

पहिल्यांदा ग्लास दिला तेव्हा आबांनी रसवंतीवरून आणलेली प्लॅस्टिकची नळी तोंडात धरली, ओढलं आणि डोळे मिटून घेतले.

"पुण्याच्या लोकांना कोण फसवत नाय हां," मग म्हणाले.

तर त्या दिवशीही पाचला ग्लास झाला. आई मागच्या परसात लाकडं रचत होती. आबा खिडकीशी बसून पीत होते आणि रस्त्यावरून महाबळेश्वरकडे वळणाऱ्या गाड्यांना नावं ठेवत होते. "हे बघ, काचा लावून चाललेत. वारा खायला चाललेत आन् काचा लावून!" ग्लास तळाला लागला. नळीने खरखर आवाज केला. त्यांनी दोन-तीनदा ओढून पाहिलं, मग ग्लास उपडा करून उरलेला बर्फाचा चुरा तोंडात घेतला.

"संजे," ते म्हणाले, "अजून एक होईल काय गो?"

चार महिन्यांत त्यांनी पहिल्यांदा काही जास्तीचं मागितलं होतं. आणि मागताना तिच्याकडे न बघता, ग्लासाकडे बघत मागितलं होतं.

बाटलीत रात्रीच्या गोळ्यांपुरतं पाणी उरलं होतं. सकाळचा नडगीवरचा खळगा तिच्या डोळ्यांसमोर होता. नाही म्हणायला हवं होतं आणि नाही म्हणायला तिच्याजवळ कारणंही भरपूर होती. पण त्या खाली घातलेल्या मानेला नाही म्हणणं तिला जमेना. म्हणून ती म्हणाली, "बर्फ संपला, आबा. लाईट कुठे होती दिवसभर?"

आबांनी फ्रीजकडे एकदा पाहिलं.

"ऱ्हाऊ दे मंग," ते म्हणाले. "लाईटचं काय खरं नाय." आणि ते पुन्हा गाड्या बघू लागले.

रात्री त्यांनी गोळ्या घेतल्या आणि नऊला झोपले. रिकामा झालेला ट्रे त्या रात्री संजीवनीने पुन्हा लावला नाही. पहाटे आई चूल पेटवायला उठली, त्यांना हाक मारायला गेली, आणि तिने संजीवनीला ज्या आवाजात बोलावलं त्यावरूनच संजीवनीला सगळं कळलं.

सुनील मुंबईहून निघाला तरी दुपारच्या आधी पोचणार नव्हता. ऊन चढायला लागलं. शेजारच्या काशीरामने बर्फाच्या लादीसाठी महाडला माणूस पाठवला. "लादी येईपर्यंत घरात थोडा बर्फ हाय काय?" असं विचारत त्यानेच फ्रीज उघडला. "हाय. एक ट्रे भरलेला हाय," तो म्हणाला आणि तो ट्रे परातीत रिकामा करून त्याने परात खाटेखाली सरकवली. आई दाराशी बसली होती. तिने हे ऐकलं की नाही, ते संजीवनीला समजलं नाही.

मग माणसं यायला लागली. आली की तेच विचारायची. शेवटी काय बोलले? काय मागितलं का? वाडीवरून आलेल्या सुंदराआत्याने तर संजीवनीचे दोन्ही हात धरून विचारलं, "दादानं काय मागितलं का गो शेवटाला?"

संजीवनीच्या तोंडून शब्द फुटायच्या आत आईने उत्तर दिलं. "मागायला कशाला लागतंय? पोरीनं सांजचं थंडगार ग्लास भरून दिलान. तृप्त होऊन झोपले."

दहाव्याला सावित्रीच्या काठावर पिंड ठेवला आणि सगळी मागे सरली न सरली तोच कावळा शिवला. अर्धा-अर्धा तास ताटकळायची तयारी ठेवून आलेले लोक बघतच राहिले. "बघा," सुंदराआत्या पदर डोळ्याला लावत म्हणाली, "कायसुद्धा राह्यलं नव्हतं त्याचं मनात." सगळ्यांनी संजीवनीकडे कौतुकाने पाहिलं. तिने नदीच्या पाण्याकडे पाहिलं. तिचा कावळ्यावर विश्वास नव्हता. तरीही आपली एवढी मोठी गोष्ट त्यालासुद्धा ठाऊक नाही, यानं तिला त्या क्षणी विलक्षण एकटं वाटलं.

जूनमध्ये ती औषधं परत करायला महाडला गेली तेव्हा तिने डॉक्टरांना विचारलं, आदल्या दिवशी थोडं पाणी जास्त गेलं असतं तर काय झालं असतं. डॉक्टर भले गृहस्थ होते. ते म्हणाले, "मनाला लावून घेऊ नका. त्या दिवशी कशानेच फरक पडला नसता." त्यांनी धीर द्यायला सांगितलेलं वाक्य तिने परतीच्या एसटीत उलटसुलट करून पाहिलं. पाणी दिल्याने फरक पडला नसता. म्हणजे दुसरा ग्लास दिला असता तरी चाललं असतं.

पण तिला सलत होतं ते ग्लास नाकारणं नव्हतं. नाही म्हटलं असतं तर आबा भांडले असते. तहसीलदारांकडे अर्ज करतो म्हणाले असते. तीही भांडली असती, कदाचित पाव ग्लासावर तडजोड झाली असती. शेवटच्या संध्याकाळी बापलेकीचं एक छान भांडण झालं असतं. बर्फ संपला म्हटल्यावर त्यांना बोलायला जागाच उरली नाही. आणि त्यांनी फ्रीजकडे पाहिलं होतं. दोन ट्रे लावायचे आणि एक काढायचा, हा क्रम त्यांना तिच्याइतकाच पाठ होता.

हे ती आईला सांगू शकली नाही. आई त्या ग्लासावर उभी होती. दिवस कसा ढकलतेस असं कुणी विचारलं की ती ग्लासाची गोष्ट सांगायची आणि सांगून झाली की तिचा चेहरा जरा निवायचा. शेजारची गीताबाई कृती विचारून गेली, मग तिची जाऊ. वर्षभरात आळीत चार घरी तो ग्लास होऊ लागला. मुलं त्याला 'रामजीआजोबांचा ग्लास' म्हणत.

वर्षश्राद्ध पुन्हा करवंदांच्या दिवसांत आलं. सुनील, त्याची बायको आणि दहा वर्षांची सेजल आदल्या दिवशीच आली. सकाळी आई वाडीवर जाऊन करवंदं घेऊन आली. रस झाला. पान वाढायच्या आधी फोटोपुढे ठेवायला ग्लास हवा, म्हणून संजीवनी ओट्याशी बर्फ चुरत होती. सेजल आजीला चिकटून बसली होती.

"आजी, मग आजोबांनी सगळा संपवला?"

"सगळा. बर्फाचा चुरा पण खाल्लान."

"मग काय म्हणाले?"

"काय म्हणतील?" आई म्हणाली. "म्हणाले, बास गो संजे, जीव गार झाला. आता काय नको."

संजीवनीचा बत्ता थांबला.

हे वाक्य तिने आज पहिल्यांदा ऐकलं. गेले त्या दिवशी आबा नुसते तृप्त झाले होते. दिवाळीपर्यंत ते पोटभर प्यायले होते. आता ते बोलायला लागले होते. आई खोटं बोलत नव्हती, तिला ते वाक्य खरोखरच आठवत असणार. जुन्या पोथ्यांमध्ये एका लेखनिकाची चूक पुढच्या सगळ्या नकलांमध्ये उतरत जाते, हे संजीवनीने कितीदा वाचलं होतं. सेजल हे वाक्य मुंबईला घेऊन जाईल, उद्या तिच्या मुलांना सांगेल. आणि आबा खरंच जे बोलले होते, चार महिने तहान गिळून एकदाच, मान खाली घालून जे मागितलं होतं, ते या जगात आता फक्त तिच्याजवळ होतं. ती गप्प राहिली तर त्यांनी ते कधी मागितलंच नव्हतं.

तिने आईकडे पाहिलं. गेल्या वर्षात आई सुकली होती, पण आत्ता नातीचे केस सारखे करताना तिच्या तोंडावर समाधान होतं. ते आपण मोडणार आहोत. मोडलेलं पुन्हा जोडता येईल का, हे कोणत्याही पुस्तकात बघता येणार नव्हतं.

"सेजल, बाहेर पप्पांना विचारून ये, केळीची पानं धुतली का," ती म्हणाली. पोर पळाली.

संजीवनीने ग्लास भरला. रस हळूहळू बर्फातून खाली उतरत गेला. तिने दुसरा ग्लास घेतला आणि तोही भरू लागली.

"दोन कशाला?" आई म्हणाली. "एकच ठेव गो. त्यांचं एकात भागायचं."

"नाही भागलं, आई," संजीवनी म्हणाली. आवाज ठरवला होता त्यापेक्षा मोठा निघाला. "त्यांनी दुसरा मागितला होता. अजून एक होईल काय गो, असं म्हणाले. तू परसात लाकडं रचत होतीस. मी त्यांना सांगितलं, बर्फ संपला. आणि बर्फ होता, आई. ट्रे भरलेला होता, आणि मला वाटतं, ते त्यांना माहीत होतं."