बळवंतरावांच्या वहीतलं रक्त

घाटंजीच्या वाचनालयात पुस्तक न्यायला कधी रांग लागल्याचं कोणाला आठवत नाही. पण तिथल्या जुन्या वहीतून रक्त येतं म्हटल्यावर बाजाराच्या दिवशी रांग पार रस्त्यावर आली. कांदे-बटाटे पालातच राहिले. भाजी काय उद्याही मिळेल, रक्त थोडंच रोज मिळतं?

रक्त येत होतं ते बळवंतरावांच्या वह्यांना. हे बळवंतराव इंग्रजांच्या काळातले कापसाचे अडते. नातवंडं पुण्याला गेली, फ्लॅटमध्ये आजोबांची गाठोडी मावेनात, म्हणून त्यांनी वह्या, पत्रं, रोजनिश्या सगळं वाचनालयाला देऊन टाकलं. इतिहास शिकवून निवृत्त झालेल्या सुचित्राताईंनी मागच्या खोलीत त्याचं नीट दप्तर लावलं. वाळवी झटकली, मोडी वाचली, एकेक पान जपलं. कोणत्या साली बोंडं सडली, प्लेगात गाव कुठे राहायला गेलं, पोरीच्या लग्नात पंगतीला काय होतं, सगळं त्या कागदांत होतं. इतकी वर्षं तिकडे कुत्रंही फिरकलं नाही. मग ताईंनी दिवाळीत त्याचं प्रदर्शन मांडलं, वाचनालयाचे अध्यक्ष कमलाकरभाऊ यांनी उद्घाटनाला हिशेबानंद महाराजांना बोलावलं आणि तिथेच माशी शिंकली.

चित्रगुप्त पापपुण्याची जी वही ठेवतो तिची एक प्रत आपल्याकडे येते, असं महाराज सांगत. त्यांनी बळवंतरावांची एक वही उघडली, डोळे मिटले आणि कमंडलूतलं तीर्थ पहिल्या पानावर शिंपडलं. पानावर लाल डाग उमटले. मग त्यांनी बाकीच्या वह्यांवर आणि कागदांवरही तीर्थ शिंपडलं.

"रक्त हाये हे," महाराज म्हणाले. "लक्ष्मी कोंडली हाये या वह्याइत. तिले मोकळी करा, नाहीतं या गावात कोणाच्याच घरी पैसा टिकनार नाही."

पैसा तसाही कोणाच्या घरी टिकत नव्हता, पण त्याचं कारण आता कळलं म्हणून लोकांना बरंच वाटलं. महाराजांनी उपायही सांगितला. सगळं दप्तर रविवारी नदीत सोडायचं, खोलीची शुद्धी करायची आणि तिथे महाराजांची गादी मांडायची. म्हणजे लक्ष्मी नदीत आणि महाराज पंख्याखाली.

सुचित्राताई कमलाकरभाऊंच्या घरी गेल्या. "भाऊ, हे कागद पुन्हा कुठे मिळणार नाहीत. पाण्यात गेले की गेलेच."

"ताई, तुमी शिकलेल्या. पन डोळ्यानं पाह्यलं ना रक्त? कायले विषाची परीक्षा घेता?"

"आपण आजीची पोथी नाही का नदीतच सोडली," केतकीवहिनी, कमलाकरभाऊंच्या मंडळी, मधेच म्हणाल्या. जुने पवित्र कागद पाण्यात सोडायची रीतच होती, तेव्हा यात गैर ते काय, हे कोणालाच समजेना. आणि ताईंची पंचाईत अशी, की लाल डाग त्यांनीही पाहिले होते. ते कसे उमटले, हे त्यांना सांगता येत नव्हतं. त्या घरी आल्या आणि चक्क रडल्या.

शनिवारी सकाळी ताई ओट्याचं फडकं धुवायला बसल्या. फडक्यावर फोडणीची हळद लागलेली. साबण लावला आणि पिवळा डाग लाल झाला. आयुष्यभर पाहिलेली गोष्ट. आज मात्र साबण हातातच राहिला. ओल्या हातांनीच त्या वाचनालयाकडे निघाल्या. हात कोरडे झाल्यावर त्यांनी दप्तर उघडलं. महाराजांनी पत्रांवर आणि रोजनिश्यांवरही तीर्थ शिंपडलं होतं, पण तिथे लक्ष्मी गप्प होती. रक्त फक्त हिशेबाच्या वह्यांना आणि तेही पहिल्याच पानाला. दरसाल दिवाळीला नव्या वहीची पूजा व्हायची, तेव्हा बळवंतराव ज्या पानावर हळदीची बोटं ओढायचे, ते पान.

रविवारी वाचनालयापुढे झेंडूच्या माळा घालून ट्रॅक्टर उभा होता. गाठोडी चढवून झाली होती. आधी महाप्रसाद, मग विसर्जन, कारण उपाशीपोटी लक्ष्मीला निरोप देऊ नये असं महाराजांचं मत होतं. कमलाकरभाऊंनी पांढराशुभ्र शर्ट घातला होता आणि पंगतीत वाढताना त्यावर वरण सांडलं होतं.

ताईंनी ते पाहिलं. "महाराज, निघण्याआधी अध्यक्षांना तीर्थ देते," म्हणत त्यांनी कमंडलू उचलला आणि भाऊंच्या पोटावर सरळ ओतला.

पिवळा डाग लालभडक झाला.

"अरे बाप रे," भाऊ मागे सरले.

"भाऊ, तुमच्या पोटात लक्ष्मी कोंडली आहे," ताई म्हणाल्या. "आता तुम्हालाही नदीत सोडावं लागेल."

लोक हसायला लागले. महाराज घाईघाईनं म्हणाले, "हा कोप हाये. हासू नका."

"कोप कायचा? वरन सांडलं ते," केतकीवहिनींच्या तोंडून निघून गेलं.

ताईंनी महाराजांच्याच पूजेच्या ताटातलं लिंबू कापून डागावर पिळलं. लाल पुन्हा पिवळं झालं. "शांत झाली लक्ष्मी. दक्षिणा एक लिंबू."

मग त्यांनी ट्रॅक्टरवाल्याकडून तंबाखूच्या खर्ऱ्यात घालायच्या चुन्याची डबी मागून घेतली. ग्लासातल्या पाण्यात चुना कालवून खाली बसू दिला. वरचं निवळ पाणी दिसायला साधं, पण हळदीच्या चिमटीवर टाकताच हळद लाल झाली. "हेच महाराजांचं तीर्थ. हळदीला चुन्याचं पाणी लागलं की लाल होते. साबणानंही होते. लिंबानं परत पिवळी होते. हळद-चुन्याचंच तर आपण कुंकू करत आलो. यात ना रक्त आहे, ना देवी."

महाराजांना अचानक वणीच्या एका भक्ताचं बोलावणं आलं. फोन वाजल्याचं मात्र कोणी ऐकलं नाही. कमंडलूही मागेच राहिला.

केतकीवहिनी नवऱ्याच्या शर्टाकडे बघतच राहिल्या. "मी रोज हे डाग धुतो, ताई. अन मीच आरती घेऊन पुढं होतो. मले कसं नाही समजलं?"

"कारण डाग शर्टावर असला की आपण साबण शोधतो आणि देवाच्या नावावर असला की हात जोडतो," ताई म्हणाल्या. "हात जोडायला माझी ना नाही. पण जोडण्याआधी एकदा विचारा, हे कशानं झालं? तेवढं विचारायला पदवी लागत नाही."

दोघातिघांनी गाठोडी खाली उतरवायला घेतली. ताईंनी वरची वही उघडली. भिजून कागद फुगला होता, पहिल्या पानावरची बळवंतरावांची शाई हळदीत पसरली होती आणि दोन ओळी कायमच्या गेल्या होत्या. ताईंनी पदराच्या टोकानं ते पान हलकेच टिपलं. त्यांचे डोळे भरून आले होते.

कमलाकरभाऊ शर्टाचा ओला पुढा धरून जवळ आले. "ताई, हा डाग जाईन ना?"

"शर्टाचा जाईल," ताई म्हणाल्या. "वहीचा नाही जाणार."