दोन्ही दंडांत एकेक

टेरिंडामध्ये "कसं काय?" या प्रश्नाला एकच उत्तर आहे : "वाईट नाही." धान्य चढवायच्या यंत्रात कीथ शुल्झच्या करंगळीचं टोक गेलं, तेव्हा रुग्णवाहिकेतल्या बाईनं त्याला कसं वाटतंय म्हणून विचारलं. तो म्हणाला, "वाईट नाही, थोडं दुखतंय." यातलं दुसरं वाक्य बोलल्याबद्दल त्याची बायको त्याला पुढे बरेच दिवस बोलत होती.

मी इथलं पोस्ट चालवतो. पत्रं आता फारशी येत नाहीत. ट्रॅक्टरचे सुटे भाग येतात, आणि काउंटरवर गावाच्या नावनोंदणीच्या वह्या असतात. त्यातली एक लशीची. दर मे महिन्यात, पृथ्वीच्या आमच्या दक्षिणेकडच्या बाजूला हिवाळा तोंडावर आला की नर्सची व्हॅन येते. हॉलमध्ये टेबल मांडलं जातं. डाव्या दंडात फ्लूची सुई, उजव्यात कोविडची. मग पंधरा मिनिटं खुर्चीवर बसून राहायचं आणि आपण मरत नाही आहोत हे एकमेकांना दाखवायचं.

यंदा आरोग्य कार्यालयाचं पत्र आलं. सोमवारी दुपारी बारापर्यंत किमान तीस नावं आली नाहीत, तर टेरिंडाच्या सेवेचं सुसूत्रीकरण करण्यात येईल. हा शब्द आम्हाला नवा नाही. सुसूत्रीकरणात आमची बँक गेली, मग डॉक्टर गेला, मग शाळेचे वरचे तीन वर्ग गेले. आता सगळं इतकं सुसूत्र आहे की सर्वांत जवळचा दवाखाना एकशे चाळीस किलोमीटरवर आहे.

गेल्या वर्षी वहीत एक्केचाळीस नावं होती. यंदा बुधवारपर्यंत नऊ.

बुधवारी व्हर्ना नोस्के आली. बाहत्तर वर्षांची, आणि त्यातली तीस तिनं शाळेची बस चालवण्यात घालवली. गावात पन्नाशीच्या आतला जो कुणी आहे, त्याला तिनं कधी ना कधी आरशातून पाहिलेलं आहे. तिनं वही उघडली.

"नऊ?"

"नऊ."

"त्यात पाद्री आणि त्याची बायको. ते तर जुलैत बदलून चाललेत."

"नाव ते नाव, व्हर्ना."

"रसेल, बसमध्येसुद्धा तू असंच शहाण्यासारखं बोलायचास आणि मागच्या सीटवर जाऊन बसायचास. तुझं नाव कुठंय यात?"

कामाच्या गडबडीत राहून गेलं, असं मी म्हणालो. तिची नजर एकदा बंद टपालखिडकीवरून फिरली. समोर कुणीही नव्हतं.

तिला हे सगळं इतकं लागण्याचं कारण म्हणजे क्लेम, तिचा नवरा. अडतीस वर्षं धान्याच्या कोठारावर काम करून त्यानं फुप्फुसं धुळीनं भरून घेतली. दोन हिवाळ्यांपूर्वी फ्लू झाला आणि अकरा दिवस तो शहरातल्या इस्पितळात नळ्या लावून पडला होता. तेव्हापासून त्यांच्या बैठकीच्या खोलीत टीव्हीच्या शेजारी ऑक्सिजनची टाकी आहे.

"क्लेमचं मी बघेन," ती म्हणाली. "शुक्रवारी त्याला शहरात छातीच्या डॉक्टरकडे न्यायचंच आहे, तिथंच टोचून आणीन. पण गुरुवारी चौघं जण पत्ते खेळायला येतात. रविवारी चर्च. त्यांच्यापैकी कुणी खोकत आला, तर? सगळ्यांना येऊ नका म्हणून सांगू? मग त्याला जगवून करायचं काय, शोकेसमध्ये ठेवायचा?"

ती दोन दिवस दारोदार फिरली. उत्तरं सगळीकडे सारखीच. गेल्या वर्षी त्रास झाला का? छे, काहीच नाही. मग यंदा नाव का नाही? पेरणी आहे. बघू. आठवणीत ठेवतो.

"घाबरलेत," तिनं गुरुवारी मला निकाल सांगितला. "मी उद्या शहरातल्या औषधांच्या दुकानात दोन्ही घेते. दोन्ही दंडांत एकेक. आणि शनिवारी फुटबॉलच्या सामन्याला दिवसभर मैदानावर कँटीनमध्ये उभी राहते. सगळ्यांना दिसू दे, काही होत नाही ते."

"आणि झालं तर?"

"तर दिसू द्यायचं नाही."

शनिवारी सकाळी आठला क्लेमचा फोन आला. तो कुजबुजत होता. "अडतीस पॉइंट सहा."

"ताप? व्हर्नाला?"

"तुला सांगू नको म्हणालीय."

"मग सांगतोयस कशाला?"

"मी कुठे सांगतोय? मी थर्मामीटर वाचतोय."

मी कँटीनमध्ये पोचलो, तेव्हा ती माझ्याआधी हजर होती. अंगात दोन स्वेटर, त्यावर ॲप्रन, डोक्यावर क्लेमची लोकरी टोपी. गालांवर लाली आलेली, ओठ पांढरे. दोन्ही कोपरं बरगड्यांना चिकटलेली. खिम्याचा पॅटिस गरम पेटीतून काढून गिऱ्हाइकाला द्यायचा, तर ती हात पुढे करायची नाही, अख्खीच्या अख्खी वळायची. पेंग्विननं दुकान चालवावं तसं सगळं चाललेलं. सॉसच्या बाटल्या वरच्या फळीवर होत्या. पहिल्या तासात तिनं अकरा जणांना सांगितलं की सॉस संपला.

"व्हर्ना, बस जरा."

"मी ठीक आहे. चहाचं भांडं उचल."

प्रत्येक गिऱ्हाईक विचारत होतं, कसं काय व्हर्ना? आणि ती दात वाजू नयेत म्हणून जबडा आवळून सांगत होती, वाईट नाही. मोजलं नाही, पण चाळीसेक वेळा तरी म्हणाली असेल.

सामन्याच्या चार भागांपैकी दुसरा सुरू होता, तेव्हा गार्थ झ्वार आला. सव्वासहा फुटी माणूस, दोन हजार हेक्टर गहू. ट्रॅक्टरचं चाक उपग्रहाच्या जीपीएसच्या हवाली करायला त्याचा साफ नकार. आपल्या हातानं दोरी धरल्यासारख्या सरळ ओळी पेरतो, याचा त्याला अभिमान.

"दोन्ही घेतल्यास म्हणे शहरात?" त्यानं चिप्सकडे बघत विचारलं.

"काल दुपारी."

"मग?"

"काही नाही. वाईट नाही."

मला वाटलं, आता याला हायसं वाटेल. उलट त्याचा चेहरा पडला. बाद झालेल्या माणसासारखा तो नुसता मान हलवत राहिला.

"हं. म्हणजे माझ्याच अंगाला ते सोसत नाही."

"काय सोसत नाही?"

गार्थनं मागे वळून पाहिलं. रांगेत कुणी नव्हतं. मग तो चिप्सच्या पुड्याला उद्देशून बोलला. "गेल्या वर्षी दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टरवर नुसता थरथरत होतो. थंडी काय, डोकं काय. हात चाक धरेना. रस्त्याकडेच्या वावरात ओळी वाकड्या गेल्या. वर्षभर सगळं गाव येता-जाता बघत होतं."

वाकड्या ओळी आम्हाला सगळ्यांना पाठ होत्या. गव्हातून अजगर गेल्यासारखं ते दिसायचं.

"तू तर म्हणाला होतास, बियर जास्त झाली," मी म्हणालो.

"मग काय सांगू? सुईनं थरथरलो म्हणून? सगळे म्हणत होते, काहीसुद्धा झालं नाही. डॅरिल तर म्हणाला, त्यानं दुसऱ्या दिवशी तीन किलोमीटर कुंपणाची तार ओढली."

मागे डॅरिलची बायको मार्लीन चिप्स तळत होती. ती झाऱ्यावरून नजर न काढता म्हणाली, "डॅरिल दुसऱ्या दिवशी सोफ्यावर पडून आईला हाका मारत होता. सासूबाईंना जाऊन वीस वर्षं झालीत."

व्हर्नानं हातातला चिमटा खाली ठेवला.

"एक्केचाळीस जण," ती हळूच म्हणाली. "ज्याला विचारलं, त्यानं माझ्या तोंडावर सांगितलं, काही झालं नाही. आणि प्रत्येकाला वाटतंय, आपल्या एकट्यालाच झालं. आपलंच शरीर नाजूक. आणि मी मूर्ख सकाळपासून तेच वाढून देतेय. पॅटिसबरोबर."

तिनं ॲप्रन सोडायला हात मागे न्यायचा प्रयत्न केला. तो कमरेपर्यंतसुद्धा गेला नाही. मी गाठ सोडली.

मध्यंतर झालं होतं. खेळाडू खोलीत गेले होते. गुण सांगणाऱ्याच्या लाकडी खोक्याला सात पायऱ्या आहेत. कठड्याला न धरता ती त्या कशी चढली, ते मी मागून बघितलं. एकेका पायरीवर ती थांबत होती, आणि थांबल्यावर पुढच्या पायरीकडे अशी बघत होती, जणू चूक त्या पायरीचीच आहे. त्या खोक्यातल्या माइकवरून एरवी सोडतीचे नंबर आणि कुणाच्या गाडीचे दिवे चालू राहिलेत तेवढंच सांगतात.

"मी व्हर्ना नोस्के," कर्ण्यातून आवाज आला. "काल दुपारी मी दोन्ही लशी घेतल्या. रात्री थंडी भरली. दात वाजत होते. आज सकाळी ताप अडतीस पॉइंट सहा. अंग गिरणीतून काढल्यासारखं झालंय. दोन्ही हात वर जात नाहीत, म्हणून सॉस संपला असं सांगितलं. सॉस आहे. आत मी क्लेमची लोकरी विजार घातलीय. सकाळपासून तुम्हाला वाईट नाही म्हणाले, ते खोटं होतं. वाईट आहे. उद्या-परवा उतरेल. क्लेमला दोन वर्षांपूर्वी जे झालं, ते अजून उतरलेलं नाही."

आमच्याकडे सामना गाड्यांत बसून बघतात. मैदानाभोवती गाड्या तोंड आत करून गोलाकार लावलेल्या असतात, काचा वर, हीटर चालू. गोल झाला की टाळ्या कोण वाजवणार, त्यासाठी हात बाहेर काढावे लागतात. हॉर्न वाजवतात.

"गेल्या वर्षी तुमच्यापैकी ज्याला ज्याला असं काही झालं असेल," व्हर्ना म्हणाली, "त्यानं तोंडानं सांगू नये. तुम्हाला ते जमणार नाही, मी तुम्हाला पाचव्या वर्षापासून ओळखते. हॉर्न वाजवा."

काहीच झालं नाही. मैदानावर दोन मॅगपाय पक्षी चालत होते. कर्ण्यातून फक्त तिचा श्वास ऐकू येत होता. मला पहिल्यांदाच वाटलं की ही बाई आता पडणार, आणि तेही सगळ्या गावासमोर.

मग कँटीनपासून गार्थ झ्वार निघाला. धावला नाही. मैदानाच्या कडेनं, चिप्स खात, सगळ्यांना दिसेल असा आपल्या गाडीपर्यंत चालत गेला, दार उघडलं, आणि हॉर्नवर हात ठेवून तो तिथंच ठेवला.

त्यापाठोपाठ डॅरिलची गाडी वाजली. आत डॅरिल होता की खिडकीतून हात घातलेली मार्लीन, हे मी शपथेवर सांगू शकत नाही. मग शुल्झ. मग एकाशेजारी एक, गोल फिरत आवाज आला, दुधाच्या टँकरपासून पाद्र्याच्या इवल्याशा गाडीपर्यंत. मीसुद्धा माझ्या गाडीकडे गेलो. गेल्या वर्षी 'मालमोजणीसाठी बंद' अशी पाटी लावून मी दिवसभर काउंटरच्या मागे ब्लँकेट पांघरून पडलो होतो. चांगला लांब वाजवला. पाहुण्या संघाचा प्रशिक्षक खोलीतून धावत बाहेर आला आणि गोल कुणी केला म्हणून पंचावर ओरडायला लागला.

सोमवारी नऊ वाजता पोस्ट उघडलं, तेव्हा दारात रांग होती. व्हर्नानं एक तक्ता आणला होता. नर्सला दोन दिवस यायला सांगायचं. अर्ध्या गावानं पहिल्या दिवशी घ्यायची आणि दुसऱ्या दिवशी निर्लज्जपणे अंथरुणात पडायचं. त्यांचे ट्रॅक्टर उरलेल्या अर्ध्यांनी चालवायचे. मग उलट. पेरणीचा एकही तास बुडणार नव्हता.

"माझ्या ट्रॅक्टरवर डॅरिल नको," सही करताना गार्थ म्हणाला.

"का रे, ओळी वाकड्या जातील?" डॅरिल रांगेतून म्हणाला.

"नाही. मधेच आईला हाका मारशील."

साडेअकराला वहीत अडतीस नावं होती. अडतिसावं माझं. व्हर्नानं पोस्टाच्या फोनवरून कार्यालयाला कळवलं. पलीकडच्या मुलानं अभिनंदन केलं आणि यंदाची व्हॅन पक्की, असं सांगितलं.

"पुढच्या वर्षीची?"

पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी, असं काहीसं तो म्हणाला.

"नाही बाळा. आत्ता लिहून घे. दोन दिवस, टेरिंडा, मे महिना. तुला अधिकार नसेल तर ज्याला आहे त्याला बोलाव." मग तिनं थोडा वेळ ऐकलं. "जेवायला गेलेत? हरकत नाही. मी थांबते."

फोनमध्ये संगीत सुरू झालं. मी तिच्यासाठी खुर्ची सरकवली. तिनं ती पायानं मागे ढकलली. उजवा दंड अजून ठणकत होता, म्हणून तिनं फोन डाव्या हातात घेतला. काही वेळानं तोही भरून आला, तेव्हा तिनं तो पुन्हा उजव्यात घेतला. मी जेवणाच्या सुट्टीची पाटी लावली, दाराला आतून कडी घातली आणि तिच्यासाठी चहा ठेवला.

"किती वेळ लागेल म्हणाले?"

"ते नाही सांगितलं," व्हर्ना म्हणाली, आणि फोनचा हात बदलला.