दिव्याच्या मंत्राची बांधणी

बांधणीची खळ पातळ चालेल, गुठळी चालणार नाही.

तळघरातल्या खोलीत एकोणीस खुर्च्या. खिडकी एकही नाही.

नवऱ्याला वाटतं, दर गुरुवारी मी दातांच्या डॉक्टरकडे जाते.

पानाच्या तळाशी, कोपऱ्यात, पुढच्या पानाचा पहिला शब्द.

मी विद्यापीठाच्या ग्रंथालयात पुस्तकं बांधते. खाली तळघरात प्राध्यापकांचं गुप्त मंडळ भरतं, दर गुरुवारी दुपारी. मी मंडळाचा जुना ग्रंथ खाली नेते, मेणबत्ती धरते. चिटणीस दिव्याचा मंत्र वाचतात, मेणबत्ती विझवतात. दिवा आपोआप पेटायला हवा. मिट्ट काळोखात एकेक जण म्हणतो, "दिसला." शंभर वर्षं हेच.

मग ग्रंथाची शिवण उसवली.

"बाई, पानं होती तशीच बांधा," चिटणीस म्हणाले. "एक जरी इकडचं तिकडे झालं, तर दुसरी नोकरी शोधा."

अठरा वर्षं माझं टेबल खिडकीजवळ आहे. ते सोडायचं नव्हतं.

पण चौथ्या फर्म्याच्या शेवटच्या पानाच्या तळाशी 'वात' होतं, आणि पाचवा सुरू होत होता 'राख'पासून. सोळा-सोळा पानांच्या दोन जुड्या, पुढची मागे नि मागची पुढे. मी मुकाट्याने तशाच शिवल्या. चहा प्यायले. उसवल्या, अदलाबदल करून पुन्हा शिवल्या. चुकीचं पुस्तक आजवर हातावेगळं केलं नव्हतं, हात ऐकेनात.

गुरुवारी मेणबत्ती विझली आणि दिवा पेटला.

खरोखर पेटला. खजिनदारांनी बूट काढून ठेवले होते. तत्त्वज्ञानाचे सर चक्क स्वेटर विणत होते.

"बाई, तुम्ही पानं हलवलीत!" चिटणीस ओरडले.

"हलवली नाहीत. ज्याच्या त्याच्या घरी नेऊन सोडली."

"हा सरळसरळ नियमभंग—"

"अरे, बस खाली," अध्यक्षबाई म्हणाल्या. वय ऐंशी, तिथल्या निम्म्यांना त्यांनीच शिकवलेलं. "चाळीस वर्षं 'दिसला, दिसला' म्हणतेय. आज दिसला. आणि तुझा सदरा उलटा आहे."

सगळे हसले. शेवटी चिटणीसही.

"विसावी खुर्ची मांडू का तुमच्यासाठी?" अध्यक्षबाईंनी मला विचारलं.

"खुर्ची नको. खिडकीजवळचं टेबल राहू दे."

"राहील. ते कुठे जातंय!"

"आणि घरी काय सांगू?"

"सांगा, दाढ निघाली एकदाची."

संध्याकाळपर्यंत आम्ही त्या उजेडात उगाचच एकमेकांची तोंडं बघत बसलो.

शंभर वर्षांपूर्वी ग्रंथ पहिल्यांदा बांधला गेला, त्या दिवशी बांधणारा घाईत होता; त्याला बहिणीच्या लग्नाला जायचं होतं.