पट्टी जास्त सरकली तेव्हा

मित्रांनो, फोटो स्टुडिओच्या मागच्या खोलीत ज्याची उमर गेली असा मी एक म्हातारा मॉनिटर आहे. दिसायला टीव्हीसारखा, पण माझ्यावर कधी गाणी लागली नाहीत की सामने लागले नाहीत. काढलेला फोटो माझ्यावर उघडायचा आणि तो किती उजळायचा, कुठे थांबायचे, हे माझ्याकडे बघून ठरवायचे, एवढेच माझे काम. काम छोटे, पण मी खोटे दाखवले तर पुढचे सगळेच खोटे.

कारखान्यात माझ्या काचेमागे दिव्यांची बारीक रांग बसवली गेली. तपासणी करणाऱ्या बाईंनी माझ्यावर पांढऱ्यापासून काळ्यापर्यंतच्या छटा लावून पाहिल्या आणि शेजारणीला म्हणाल्या, "हा खरं बोलतो." आयुष्यातली ती पहिली शाबासकी. तिच्या जोरावर मी बरीच वर्षे मिरवलो.

माझ्या मालकीणबाई फोटोग्राफर होत्या. सगळे त्यांना ताई म्हणत. ताई बोलायला फटकळ, पण हात हळुवार. खोल्यांचे फोटो काढण्यात त्यांचा हातखंडा. खोली नीट दिसावी म्हटले तर खिडकी पांढरीफटक होते आणि खिडकीबाहेरचे झाड दिसावे म्हटले तर खोलीत काळोख होतो. म्हणून ताई एकाच जागेवरून तीन फोटो काढत: एक उजळ, एक मधला, एक गडद. मग ते तिन्ही माझ्यावर एकमेकांत मिसळत. याला एचडीआर म्हणतात. मिसळल्यावर एक पट्टी सरकवायची असते. ती जितकी उजवीकडे न्यावी तितका परिणाम वाढतो. थोडी सरकवली तर खोली आपल्या डोळ्यांना दिसते तशी दिसते. जास्त सरकवली तर लाकूड जळल्यासारखे होते, ढग मळतात आणि वस्तूंभोवती पांढरट कडे उमटते.

ताई पट्टी मुद्दाम पुढे नेत, मग निम्म्याहून मागे आणत. मग उठून पाणी पिऊन येत आणि ताज्या डोळ्यांनी पुन्हा बघत. "हे मिठासारखं आहे," त्या म्हणत. "कमी पडलं तर वरून घालता येतं. जास्त झालं की सगळं ओतून द्यायचं."

एकदा शाळेतल्या एका बाईंनी आपला फोटो पाहून विचारले, "अहो, मी एवढी थकलेली दिसते?" ताईंनी पट्टी मागे आणली. पार शून्यावर. बाईंचा चेहरा खुलला. माझ्याही काचेला बरे वाटले.

पण लोक झगमगाटाला चटावले. घरे विकून देणारा दलाल म्हणू लागला, "ताई, जरा झगझगीत करा हो. रस्त्यानं जाणारा थबकला पाहिजे!" त्याचे पाहून दुसऱ्याने तेच मागितले, मग तिसऱ्याने. कामाचा डोंगर साचला. पाणी पिऊन येणे बंद झाले. ताईंचा हात नकळत उजवीकडेच जाऊ लागला.

आणि मी म्हातारा होत होतो. माझ्या काचेमागचे दिवे केसाकेसाने मंदावत होते. रोज बघणाऱ्याला आपले माणूस कधी म्हातारे झाले ते कळत नाही, तसे ताईंना माझे कळले नाही. संगणक साफ करायला आलेला कारागीर म्हणाला होता, "ह्याचा उजेड निम्मा झालाय. हा दाखवतो त्यावर जाऊ नका." ताई म्हणाल्या, "चालतंय तोवर चालू दे." मला तेव्हा आनंद झाला. आपल्याला काढून टाकणार नाहीत म्हणून! त्या आनंदाची मला आज लाज वाटते.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी घड्याळे दुरुस्त करणारे काका बसत. डोळ्याला भिंग, ओठांवर हसू. त्यांना हळूहळू विसर पडू लागला होता. आधी गिऱ्हाइकांची नावे गेली, मग घरचा रस्ता. त्यांची मुलगी नर्स होती. ती कामावर जाताना त्यांना दुकानात सोडायची आणि परतताना घेऊन जायची. काका एका लांबलेल्या आजारपणातून उठले, त्यानंतर एका दुपारी ते दुकानाच्या खिडकीपाशी बसले असताना ताईंनी त्यांचे तीन फोटो काढले. पाठीमागे ऊन, चेहरा सावलीत.

त्यानंतर पंधरवड्याने काका सकाळीच घराबाहेर पडले ते परतलेच नाहीत. दुपारी मुलगी धावत स्टुडिओत आली. तिच्या तोंडचे पाणी पळाले होते.

"ताई, तुम्ही बाबांचा फोटो काढला होतात ना? माझ्या फोनमधले सगळे आजाराच्या आधीचे आहेत. तेव्हा मिशा होत्या, गाल भरलेले होते. पोस्टर करायचंय."

ताईंनी तिन्ही फोटो माझ्यावर उघडले आणि मिसळले. माझ्या मंद उजेडात काकांचा चेहरा अंधारातच राहिला. ताईंनी पट्टी सरकवली. पुरेना. आणखी सरकवली. आता मला सुरकुत्या चरांसारख्या दिसू लागल्या. गालावरचा फिकट तीळ काळाकुट्ट डाग झाला. हसरे डोळे खोल गेले. मला ओरडावेसे वाटत होते, की ताई, अंधार फोटोत नाही, अंधार माझ्यात आहे! पण पडद्याला तोंड नसते.

मुलगी वाकून बघत होती. "बाबा जरा... रागीट वाटतायत का हो?"

"चेहरा लांबून दिसायला हवा गं. पोस्टर आहे," ताई घाईने म्हणाल्या.

"हं. तुम्हाला त्यातलं कळतं," ती म्हणाली.

ताई वाईट नव्हत्या, मित्रांनो. त्यांनी त्या दिवशी दुकान बंद ठेवून स्वतः पोस्टर चिकटवले. शेजारच्या गावच्या बसस्थानकापर्यंत गेल्या.

काका त्याच बसस्थानकावर होते. त्या पोहोचल्या तेव्हा कुठल्या फलाटावर असतील कोण जाणे, चुकामूक झाली. पुढचे दोन दिवस ते चौकशीच्या खिडकीसमोरच्या बाकावर बसून होते. खिडकीच्या काचेवर पोस्टर होते. तिसऱ्या दिवशी पहाटे झाडूवालीने त्यांना उठवायला हात लावला, तर अंग गार पडलेले.

चार-पाच दिवसांनी मुलगी पुन्हा आली. सोबत त्या खिडकीतला कारकून होता. तो आपणहून तिला भेटायला गेला होता, कारण त्याला घरी बसवेना.

"मी त्यांना पाव दिला, पाणी दिलं," तो सांगू लागला. "पोस्टरशी ताडूनसुद्धा बघितलं. दोनदा बघितलं. पण पोस्टरवरचा माणूस उग्र, गालावर डाग. आणि हे आजोबा किती मऊ. मला म्हणाले, तुमचं घड्याळ मागे पडलंय. मी म्हटलं, हे कुणीतरी दुसरेच."

मुलीने ताईंना विचारले, "तो फोटो काहीही न करता उघडता येईल?"

ताईंनी नुसता मधला फोटो उघडला. सावलीतला, साधा.

कारकून लगेच म्हणाला, "हेच. हेच होते." आणि खाली बसला.

ताईंनी तोच फोटो आपल्या फोनवर घेऊन माझ्या शेजारी धरला. फोनवर काका स्वच्छ दिसत होते. माझ्यावर संध्याकाळ झाली होती. त्या कितीतरी वेळ एकदा इकडे, एकदा तिकडे बघत राहिल्या.

"चूक माझी आहे," त्या अखेर म्हणाल्या.

"मी इथंच उभी होते, ताई," मुलगी म्हणाली. "माझे बाबा होते. मला दिसलं होतं ते." ती रडली नाही. फोटो न घेताच गेली आणि पुन्हा कधी आली नाही.

ताई आता माणसांचे फोटो काढत नाहीत. मला त्यांनी तारा गुंडाळून दाराच्या काचेशी ठेवले आहे. भंगारवाल्याला निरोप गेला आहे. कुणी मला एक शब्द बोलले नाही. बोलले असते तर बरे झाले असते.

मित्रांनो, अति तेथे माती हे तुम्ही शाळेत शिकलात. पण अति कुठे सुरू होते ते पाटी लावून कुणी सांगत नाही. म्हणून फोटो उजळताना मध्येच उठा, पाणी प्या, पुन्हा बघा. दुसऱ्या पडद्यावर बघा, कागदावर बघा. माझ्यासारख्या म्हाताऱ्याचे डोळे वेळच्या वेळी तपासून घ्या. आणि त्या चेहऱ्यावर माया करणारे कुणी शेजारी उभे राहून "जरा वेगळे वाटते" असे म्हणाले, तर तिथेच हात थांबवा.

समोरच्या खांबावर एक पोस्टर अजून आहे. ते काढायला कुणाचा हात धजत नाही. तीन महिन्यांच्या उन्हाने त्याची शाई उडत चालली आहे. गालावरचा डाग फिकट झाला, सुरकुत्या विरल्या, डोळ्यांतला राग गेला. परवा काकांचे एक म्हातारे गिऱ्हाईक तिथे थबकले, चष्मा वर करून बघत राहिले आणि आपल्या नातीला म्हणाले, "अगं, हे तर आपले घड्याळवाले!"