कांद्याच्या चाळीतला पाहुणा

पोरगी कशी पटवावी, या विषयात शिरूरच्या त्या भाड्याच्या खोलीत सत्यजीतचा शब्द शेवटचा असे. आपण होऊन बघायचं नाही. नजरानजर झालीच तर लगेच खिडकीबाहेर बघायचं. तिचा मेसेज आलाच तर तासभर उत्तर द्यायचं नाही. ही विद्या तो मोबाइलवर रील बघून शिकला होता आणि कंपनीच्या बसमध्ये निमोण्याच्या अनितावर सहा महिने इमानेइतबारे वापरत होता. ती रोज पलीकडच्या सीटवर बसायची आणि हा रोज खिडकीतून उसाचे फड बघायचा. आजवर दोघांत एक शब्द झाला नव्हता, तरी गडी खूश होता.

मग एका शुक्रवारी त्याचा खोलीतला सोबती, केडगावचा पोपट, जेवता जेवता म्हणाला की आपल्याला अनिता आवडते. आता पुढं काय करायचं ते सत्यजीतनंच सांगावं.

सत्यजीत मनातून जळला. ज्याला धड शर्टाला इस्त्री करता येत नाही, जो बसमध्ये तोंड उघडं टाकून घोरतो, त्यानं अनिताचं नाव घ्यावं? बरं, मलाही ती आवडते म्हणायची सोय नव्हती, कारण मनातलं कुणाला कळू द्यायचं नाही हाही त्याचाच नियम. त्या जळफळाटातच त्याला एक युक्ती सुचली. परक्या गावात एकटा पोरगा थेट पोरीच्या बापापुढं गेला, तर हाडं मोडूनच परत येणार.

"सरळ तिच्या घरी जा," तो म्हणाला. "तिच्या वडलांना तोंडावर सांग."

रविवारी सकाळी पोपट निमोण्याला गेला. इकडं सत्यजीत दिवसभर लोळत त्याला बसणारा मार डोळ्यांपुढं आणत होता. सुजेवर लावायला हळदीची पुडीही त्यानं आणून ठेवली.

संध्याकाळी पोपट आला तो अंगभर कांद्याची टरफलं घेऊन. अनिताचे वडील आनंदराव सकाळपासून कांदा साठवायची चाळ भरायला मजुराची वाट बघत होते. दारात तरणा गडी दिसताच त्यांनी नावगाव न विचारता त्याच्या हातात पाटी दिली. पोपटनंही मुकाट्यानं दिवसभर कांदा वाहिला. सांजच्याला ते मजुरी देऊ लागले, तेव्हा कुठं त्याला तोंड फुटलं.

"म्हनलं, आबा, मी मजुरीला न्हाई आलो. अनिताला मागाया आलोय."

आनंदराव पोट धरून हसले. पोपटची भावकी, मामाचं गाव, सगळं विचारून झालं. अनितानं चहा देताना पुढच्या रविवारी पुन्हा याल का, असं स्वतःच विचारलं. येताना वडलांना घेऊन या, असं आनंदरावांनीही सांगितलं.

पोपटला कोनाड्यातली हळद दिसली. "तुला आधीच खात्री हुती व्हय रं?" असं म्हणून त्यानं सत्यजीतला मिठीच मारली.

सोमवारी बसमध्ये अनिता पहिल्यांदाच सत्यजीतशी बोलली.

"तुमीच पाठवलं म्हनं त्यांना. बरं केलंत." मग जरा थांबून म्हणाली, "आधी मला वाटायचं, तुमीच कवातरी बोलाल. पन तुमी तर माझ्याकडं बघायचासुदिक न्हाई."

सत्यजीतनं मान खिडकीकडं वळवली. कंपनीचं फाटक येईपर्यंत त्याला बाहेरचं काही दिसलं नाही.